तिसरा नकार

सेप रेनबद्दल आमच्या स्टोनीहोपमध्ये अजून दोन गोष्टी सांगतात. एक, कुत्र्यांतला त्याच्याइतका जाणकार वेअरच्या खोऱ्यात दुसरा झाला नाही. दोन, त्याच्याइतका मूर्खही झाला नाही. दोन्ही खऱ्या आहेत. तिसरी कोणी सांगत नाही, कारण ती फक्त मला ठाऊक आहे, आणि तिच्यातला मूर्ख मी आहे.

सेप म्हणजे सेप्टिमस. घरातलं सातवं पोर, म्हणून पाद्र्यानं नावातच आकडा घालून ठेवला. चौदाव्या वर्षी आम्ही दोघं एकाच दिवशी खाणीत उतरलो आणि पंचवीस वर्षं कुशीवर पडून शेजारी शेजारी कोळसा खणला. मग त्याच्या छातीत धूळ बसली. डॉक्टरनं त्याला वर पाठवलं, कोळशातले दगड निवडायच्या पट्ट्यावर, जिथं पोरं आणि लंगडे काम करतात. जेमतेम चाळिशीचा माणूस, पण चढ लागला की कुंपणाचा खांब धरून थांबायचा. लोकांना कळू नये म्हणून नदीकडे तोंड करायचा, जसा काही देखावाच बघतोय. आम्ही पण तिकडे बघायचो. काय करणार?

त्याला एकच ध्यास होता. सव्वीसच्या मोठ्या संपाच्या साली, आम्ही खाणीत उतरलो त्याच वर्षी, त्याच्या बापानं बेस नावाची लर्चर, म्हणजे ग्रेहाउंडच्या मिश्र रक्ताची शिकारी कुत्री, डार्लिंग्टनच्या एका मोटारवाल्याला विकली. घरात सात पोरं उपाशी, दुसरा इलाजच नव्हता. पण विकायच्या आदल्या संध्याकाळी म्हातारा सेपला घेऊन पीअर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या रानात गेला आणि बेसला एकदा सशामागे सोडलं. ती धाव सेपनं पाहिली. पुढे तीस वर्षं मी ती त्याच्या तोंडून ऐकली, खाणीत, दारूच्या गुत्त्यात, लग्नात, एकदा तर मयतीतसुद्धा.

"ती वळली रे, विल्फ," तो म्हणायचा. "ससा वळायच्या आधी ती वळली. त्याच्या मनात काय आहे ते तिला आधीच कळलं होतं. आणि आणला कसा, तर जिवंत. बाबांच्या हातात ठेवला. एक दात लागला नव्हता."

तशी धाव मरायच्या आधी एकदा पाहायची, एवढंच त्याला हवं होतं. बेसच्या मागे एक लेक राहिली होती, तिची लेक, तिची लेक, आणि शेवटी नेल. नेल म्हणजे त्या रक्ताची शेवटची कुत्री. तिच्यात ग्रेहाउंडचे पाय होते, व्हिपेटची चपळाई होती, कातडी मात्र कागदासारखी पातळ आणि अक्कल बेताची. ससा धरायची, पण तो घेऊन शेतभर मिरवायची. ज्याला चार पावलांत दम लागतो त्याला मिरवणारी कुत्री काय कामाची? त्याला हवी होती गप्प जाणारी, डोकं चालवणारी आणि धरलेलं सरळ हातात आणून देणारी. नेलला योग्य नर दाखवला तर तशी पिल्लं होतील. योग्य नर कोणता, इथेच घोडं पेंड खात होतं.

आमच्याकडे या विषयावर भाऊ भावाशी बोलेनासा होतो. नुसता ग्रेहाउंड म्हणजे डोळे मिटून पळणारे चार पाय, पहिल्याच तारेवर पोट फाडून घेईल. बेडलिंग्टन टेरिअरचं काळीज वाघाचं आणि केस मेंढीचे, पण तोंड उघडतो, भुंकतो, आणि दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करताना भुंकणारा लर्चर म्हणजे राखणदाराला पाठवलेलं आमंत्रण. डीअरहाउंडला पळायला अख्खं स्कॉटलंड लागतं. सालुकी दिवसभर पळेल, पण संध्याकाळी घरी यायचं की नाही ते तो ठरवणार. मेंढ्या राखणाऱ्या कोलीचं रक्त मिसळलं तर अक्कल येते. जास्त मिसळलं तर कुत्रा विचारच करत बसतो आणि ससा बिळात जातो. सेप हे सगळे हिशेब मागच्या अंगणातल्या संडासाच्या दारावर आतून खडूनं मांडायचा: अर्धा, पाव, अर्धपाव. त्याची बायको एल्सी दर शनिवारी ते पुसायची आणि तो दर रविवारी पुन्हा मांडायचा.

"आत जाऊन तास झाला," ती बाहेरून ओरडायची. "माणसासारखा बसलायस की पिल्लं काढतोयस?"

आणि हवा तो नर माझ्या अंगणात बांधलेला होता. माझा मॉस. त्याची आई पीअर्टची कोली, बाप शर्यतीतून हाकललेला ग्रेहाउंड, नीट अर्धा-अर्धा. गप्प, खरबरीत केसांचा, शिट्टीच्या आधी वळणारा. नेलमध्ये जे नव्हतं ते सगळं त्याच्यात होतं. हे आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हणून बावन्न सालच्या ऑक्टोबरात नेल माजावर यायच्या सुमारास मी पाळी संपवून वर आलो आणि पट्ट्यापाशी जाऊन सेपला म्हणालो, "मॉसला घेऊन जा की."

सेपनं हातातला दगड बाजूला टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नको," म्हणाला.

मी काय करून बसलो होतो ते मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. आमच्यात एक रीत होती, आणि ती सेपच्या बापानं दगडावर कोरल्यासारखी पाळलेली. नर मागायचा असतो. मालकानं तो आपणहून द्यायचा नसतो. जो देऊ करतो त्याच्या कुत्र्यात खोट असते, नाहीतर तो तुझी कीव करत असतो. मागणाऱ्यानं दारात यावं, मालकानं नाही म्हणावं. आठवड्यानं पुन्हा यावं, पुन्हा नाही म्हणावं. तिसऱ्यांदा आला की हो म्हणून चहा पाजावा. दोन नकार म्हणजे कुत्र्याची किंमत आणि मागणाऱ्याची लाज, दोन्ही राखली जातात. आणि तिसऱ्यांदाही नकारच मिळाला, तर पुन्हा कधी विचारायचं नाही. मला हे पाठ होतं. पण मला त्या माणसाची छाती ऐकू येत होती, आणि मी थांबलो नाही. कीव केली म्हणा ना.

मग सेपनं काखेत कळसा असताना गावाला वळसा घातला. पुढच्या एप्रिलपर्यंत दर रविवारी बस धरून कुठे कुठे नर बघायला जायचा. एका गुत्तेवाल्याचा बेडलिंग्टन बघितला, तो भुंकला. शर्यतीचा एक ग्रेहाउंड बघितला, तो बघता बघता खांबाला धडकला. एका घोडेबाजारात जिप्सींचा एक उंच राखाडी कुत्रा त्याला पसंत पडला. मालकाला दोनदा नकार देण्याएवढी उसंत नव्हती, त्यानं पहिल्याच वेळी हो म्हटलं, म्हणून सेप तसाच परत आला. त्या एप्रिलात नेल माजावर आली आणि गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसं.

त्रेपन्नच्या ऑगस्टात, एका सोमवारी, त्यानं माझं दार वाजवलं. टोपी हातात.

"विल्फ, नेल दोन महिन्यांनी माजावर येईल. मॉसला दाखवीन म्हणतो."

खरं सांगतो, मला आनंद झाला. पण रीत ती रीत. "नाही," म्हणालो. तो मान हलवून गेला, आणि आम्ही दोघंही खुशीत होतो. पुढच्या सोमवारी आला. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि तो दारच्या पायऱ्या उतरताना शीळ घालत होता, एवढा दम होता तेव्हा.

तिसऱ्या सोमवारी मी गुत्त्यातून आलो होतो. तिथं कोणीतरी म्हणालं होतं, सेप सगळ्या परगण्यातले कुत्रे नाकारून झाल्यावर आता तुझ्याकडे येतोय, उरलंसुरलं म्हणून. सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनात कुसळासारखं रुतलं. वर्षभर माझा कुत्रा त्याला चालला नव्हता. आता चालतो काय?

दार वाजलं. टोपी हातात, मागे कोपऱ्यावर एल्सी मनुकांचा केक घेऊन उभी, चहाबरोबर खायला.

"विल्फ, मॉसला दाखवीन म्हणतो."

"नाही," मी म्हणालो.

तो थांबला. त्याला वाटलं असेल, मी मोजायला चुकलो. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. त्यानं टोपी घातली आणि गेला. मी दार लावलं. मला बरं वाटलं, तेही सांगून टाकतो. चांगलं दोन दिवस बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या दारापर्यंत जाऊन आलो आणि न वाजवता परतलो. मी आता जाऊन देऊ केला असता तर पुन्हा तीच रडकथा, देऊ केलेला कुत्रा. तो विचारू शकत नव्हता, मी देऊ शकत नव्हतो. ऑक्टोबर आला, गेला. आम्ही रस्त्यात भेटलो की हवेबद्दल बोलायचो.

चौपन्नच्या एप्रिलात एका सकाळी एल्सी माझ्या अंगणात आली. हातात कपडे वाळत घालायची दोरी, तिला नेल बांधलेली.

"कुठाय तुझा तो?" ती म्हणाली.

"एल्सी, सेपनं विचारल्याशिवाय..."

"तुझी रीत आणि त्याची रीत घाला चुलीत. रात्रभर तो माणूस बसून श्वास घेतो, आडवा होऊ शकत नाही. मॉसला सोड, आणि तोंड तिकडे कर. मला लाज वाटते."

मी सोडला. मॉसनं माझ्यापेक्षा कमी वेळ घेतला निर्णयाला.

जूनच्या मध्यावर नेल व्याली. आठ वर्षांची म्हातारी ती, तीन पिल्लं झाली, दोन मेलेली. उरली ती एक राखाडी मादी. तिचं नाव ब्रायर. नेल पुन्हा माजावर आली नाही आणि मॉस त्या हिवाळ्यात कोळशाच्या गाडीखाली गेला. म्हणजे जे काही व्हायचं ते आता त्या एका पिल्लातच.

आणि झालं. बोलायची सोय नाही इतकं झालं. सेपनं तिला आधी पेंढा भरलेलं सशाचं कातडं आणायला शिकवलं, मग कोंबडीचं अंडं. मी आमच्या दारात अंडं तिच्या तोंडात द्यायचो, ती अख्खी गल्ली ओलांडून ते त्याच्या हातात ठेवायची. एकदाही तडा गेला नाही. एल्सी त्याचंच ऑम्लेट करायची आणि म्हणायची, "घरात कोणी एक तरी कामाचं निघालं." कधी भुंकली नाही. मी चेंडू टाकला की तो टप्पा खाऊन कुठे वळणार ते हेरून ती आधीच तिथे. सेप खिडकीत बसून बघायचा. त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते बघवत नव्हतं, कारण मला आतून बोचत होतं.

पंचावन्नच्या वसंतात पीअर्टचं रान सशांनी हलत होतं. ब्रायर दहा महिन्यांची, पाय लांबलचक. मी म्हणालो, "एकदा सोड."

"चौदा महिने," सेप म्हणाला. "त्याच्या आत हाडं कच्ची असतात. सोळा वर्षांचा असताना मी एक पिल्लू नवव्या महिन्यात सोडलं होतं. तिसऱ्या वर्षी मागचे पाय ओढत चालायचं. मीच मारलं त्याला."

"एकदाच. एकदा पळून काय होतंय?"

"एकदाच सोडलं होतं तेव्हापण."

पेपरात येत होतं, दक्षिणेत सशांना रोग लागलाय, डोळे सुजून मरतायत. तो केंटमध्ये होता तोवर आम्ही वाचून पान उलटलं. मग यॉर्कशायरमध्ये आला. मी पेपर घेऊन गेलो, त्याच्या मांडीवर टाकला. त्यानं वाचला, घडी केली.

"ऑगस्टाच्या मध्यावर चौदा पुरे होतात," म्हणाला. "दोन महिने. तेवढ्यात काय येतोय इथवर?"

मी तेव्हा तिची साखळी सोडायला हवी होती. एल्सीसारखं. पण मी कुठल्या तोंडानं कोणाची रीत मोडणार होतो?

ऑगस्टात, चौदा महिने पुरे व्हायच्या आठवड्यात, पीअर्ट गुत्त्यात आला आणि सगळ्यांना पाजली. म्हणाला, "माझ्या रानातपण लागला रोग. आता बघा गवत कसं वाढतं ते." सेप कोपऱ्यात होता. त्यानं ग्लास तसाच ठेवला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "शनिवारी जाऊ. सगळेच थोडे आजारी असतील? एक तरी पळेल. मला एकच पुरे."

शनिवारी दुपारी पाळी सुटल्यावर आम्ही गेलो. पूर्वी वीस मिनिटांचा चढ होता. आम्हाला दीड तास लागला. सेपचा हात माझ्या खांद्यावर, आणि ब्रायर दोघांच्या पुढे, मागे वळून वळून बघत. वरच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा ऊन होतं आणि वास येत होता.

ससे बसलेले होते. बिळांच्या तोंडाशी, वाटेवर, उघड्यावर, जिथे ससा कधी बसत नाही तिथे. डोकी सुजलेली, डोळे चिकटून बंद. आमचा आवाज ऐकून कान हलवत होते, पण जायचं कुठे ते त्यांना दिसत नव्हतं. एक गोल गोल फिरत होता.

सेपनं सगळं रान नजरेनं विंचरलं. मीही. पार पलीकडच्या कुंपणापर्यंत पळणारं काही नव्हतं.

"खाली चल, सेप," मी म्हणालो.

"आलोय ना," तो म्हणाला आणि तिची साखळी काढली.

सुटली ती. पहिली दहा-बारा पावलं मी श्वास धरून बघितली, कारण ती बेसच होती, मी बेसला कधी पाहिलं नसलं तरी. जमिनीला पोट लावून, एक आवाज नाही. मग ती मंदावली. समोरचा ससा हललाच नाही. ती थांबली, त्याच्याभोवती फिरली, आमच्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, हा पेंढ्याचा. तिनं तो हळूच उचलला, चालत चालत आली आणि सेपच्या हातात ठेवला.

जिवंत होता. सेपनं त्याची मान मोडली आणि भिंतीआड टाकला. ती पुन्हा गेली. दुसरा आणला. तिसरा. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की पुरे. प्रत्येक वेळी तशीच, अंड्यासारखा धरून, शेपटी हलवत, आणि हातात ठेवल्यावर वर तोंड करून शाबासकीची वाट बघत. सेप तिला दर वेळी शाबासकी देत होता. "छान. छान हो बाई." मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

अकराव्यानंतर तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. ओठ निळे पडले होते. बराच वेळ नुसता श्वास ओढत होता. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागला, संडासाच्या दारावर मोजायचा तसं, ओठ हलवत.

"त्रेपन्नच्या डिसेंबरात झाली असती," म्हणाला, "तर यंदाच्या फेब्रुवारीत चौदा पुरे होत होते."

मीही मनात मोजलं.

"मार्च, एप्रिल, मे," तो म्हणाला. "जून पण."

"सेप..."

"तू तिसऱ्यांदा नाही का म्हणालास रे?"

रागानं नाही विचारलं. तो रागावला असता तर मी भांडलो असतो, मीही त्याला त्याचं वर्ष वाया घालवलेलं ऐकवलं असतं. त्यानं नुसतं विचारलं, कुत्र्याच्या रक्तात एखादा हिशेब जुळला नाही की विचारायचा तसं. गुत्त्यात कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि लोक हसले, हे त्याला सांगायला माझी जीभ उचलली नाही. ते सांगण्यासारखं नव्हतंच. तो पुढच्या फेब्रुवारीत गेला, आणि तोवर त्यानं पुन्हा विचारलं नाही.

ब्रायर उतारावरून येत होती. तोंडात बारावा.

सेपनं हात उचलायचा प्रयत्न केला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "तू घे," म्हणाला. "माझ्यात दम नाही. हात पुढे कर, ती देईल."

ती त्याच्यापाशी थांबली. त्याचा हात उठत नाही हे तिनं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बाप मॉससारखीच आपणहून वळली. मी हात पुढे केला. तिनं ससा माझ्या तळव्यावर ठेवला. गरम होता, धडधडत होता. मी उलटासुलटा करून पाहिला. एक दात लागला नव्हता.